अमेरिका २५० वर्षांची होतेय; पण विल्यम्सबर्गच्या रस्त्यावर नेमका कोणाचा इतिहास जिवंत होतो?

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटवर दिवसा गाड्या नाही, तर घोडागाड्या दिसतात. लोहाराच्या शाळेत भाता चालू असतो. छापखान्यात एकेक अक्षर हाताने जुळवलं जातं. डोक्यावर केसांचा टोप घातलेला एक माणूस भर रस्त्यात लोकांशी हुज्जत घालत असतो की, इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहावं की बंड करावं?

हा सिनेमाचा सेट नाही. हे आहे 'कलोनियल विल्यम्सबर्ग', जगातल्या सर्वात मोठ्या जिवंत इतिहास संग्रहालयांपैकी एक. ४ जुलै २०२६ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं पूर्ण होत आहेत. त्यामुळे यंदा इथे गर्दी आहे, उत्सव आहे आणि एक अवघड प्रश्नही आहे. देशाच्या वाढदिवशी देशाच्या चुका सांगायच्या की नाही?

जिवंत इतिहास संग्रहालय म्हणजे काय?

आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठात गावगाड्याचं संग्रहालय आहे. तिथे बलुतेदार आपापलं काम करताना दिसतात, पण ते पुतळे आहेत. विल्यम्सबर्गमध्ये पुतळ्यांच्या जागी माणसं आहेत. ती त्या काळचे कपडे घालतात, त्या काळच्या हत्यारांनी काम करतात आणि समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर देतात.

यातले कारागीर केवळ अभिनय करत नाहीत. ते अनेक वर्षं उमेदवारी करून कसब शिकतात. वीटभट्टीवर उन्हाळ्यात पर्यटकांची मुलं अनवाणी चिखल तुडवतात. त्याच चिखलाच्या विटा पाडल्या जातात आणि शरद ऋतूत भट्टी लावून भाजल्या जातात.

खुल्या संग्रहालयाची ही कल्पना युरोपातली. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये १८९१ साली सुरू झालेलं 'स्कान्सेन' हे तिचं सुरुवातीचं आणि सर्वात प्रसिद्ध उदाहरण.

विल्यम्सबर्गच का?

१६९९ ते १७८० या काळात हे शहर व्हर्जिनिया वसाहतीची आणि पुढे राज्याची राजधानी होतं. १५ मे १७७६ रोजी इथेच व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी ठराव केला की, आपल्या सदस्यांनी काँग्रेसमध्ये स्वातंत्र्याचा प्रस्ताव मांडावा. ७ जून रोजी फिलाडेल्फियात तो प्रस्ताव मांडला गेला आणि ४ जुलैला जाहीरनामा मंजूर झाला. म्हणजे ४ जुलैची वाट विल्यम्सबर्गवरून गेली होती.

राजधानी रिचमंडला हलल्यावर शहर मागे पडलं. १९२६ साली स्थानिक चर्चचे धर्मगुरू डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांनी उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांना जुनं शहर पुन्हा उभं करण्यासाठी पैसा द्यायला राजी केलं. त्यामुळे यंदा देशाला २५० वर्षं होत असताना या पुनर्बांधणीलाही १०० वर्षं होत आहेत.

मग यात गाळलं काय गेलं?

अठराव्या शतकातलं शहर दिसावं म्हणून नंतरच्या काळातली शेकडो बांधकामं पाडण्यात आली. काय ठेवायचं आणि काय पाडायचं, हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन, जेफरसन आणि पॅट्रिक हेन्री होते.

प्रत्यक्षात क्रांतीच्या काळात या शहरातली निम्म्याहून अधिक माणसं कृष्णवर्णीय होती आणि त्यातली बहुतेक गुलामगिरीत होती. पर्यटकांना मात्र अनेक दशकं सुंदर बागा, चांदीची भांडी आणि गव्हर्नरचा वाडाच दिसत राहिला.

याचं सर्वात बोलकं उदाहरण म्हणजे फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च. कृष्णवर्णीयांची ही मंडळी १७७६ सालीच सुरू झाल्याचं मानलं जातं. म्हणजे तिलाही यंदा २५० वर्षं होत आहेत. तिची १८५६ सालची इमारत संग्रहालयाने १९५० च्या दशकात विकत घेऊन पाडली. पुढे त्या जागेवर पार्किंग झालं. २०२० साली तिथे उत्खनन सुरू झालं, तेव्हा जुन्या इमारतींचे पाये आणि डझनावारी कबरी सापडल्या.

बदल कधी झाला?

१९७६ साली द्विशताब्दीचा मोठा जल्लोष झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७९ मध्ये, संग्रहालयाने कृष्णवर्णीय कलाकार नेमले आणि गुलामांच्या भूमिका रस्त्यावर आल्या.

१९९४ साली संग्रहालयाने गुलामांच्या लिलावाचा प्रसंग जाहीरपणे सादर केला. हे दुःखाचं मनोरंजन आहे, असं म्हणत नागरी हक्क संघटनांनी कडाडून विरोध केला. पण सादरीकरण पाहिल्यावर विरोधकांपैकी एका नेत्याने आपलं मत बदलल्याचं सांगितलं. हा वाद आजही अभ्यासकांमध्ये चर्चेत असतो.

अलीकडचं पाऊल म्हणजे 'ब्रे स्कूल'. १७६० ते १७७४ या काळात इथे गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय मुलांना वाचायला शिकवलं जायचं. मात्र मुलांनी गुलामी निमूटपणे स्वीकारावी, हाही त्या शिक्षणाचा हेतू होता. ही इमारत शेजारच्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या आवारात सापडली. २०२३ मध्ये ती अख्खी उचलून संग्रहालयाच्या हद्दीत आणली गेली आणि जून २०२५ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

यंदाच वाद का तापलाय?

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एक कार्यकारी आदेश काढला. सरकारी संग्रहालयं आणि स्मारकं अमेरिकेचा इतिहास नकारात्मक पद्धतीने मांडतात, ते थांबवा, असा त्याचा रोख होता. त्यानंतर राष्ट्रीय उद्यानांमध्ये क्यूआर कोड लागले आणि आक्षेपार्ह वाटणारा मजकूर कळवा, असं पर्यटकांना सांगण्यात आलं.

जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फियातल्या 'प्रेसिडेंट्स हाऊस' या स्थळावरचे गुलामगिरीविषयीचे फलक काढण्यात आले. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना याच जागी राहत होते आणि त्यांनी नऊ गुलाम तिथे ठेवले होते. फलक काढल्यावर शहर प्रशासनाने थेट न्यायालयात धाव घेतली.

आदेशाच्या समर्थकांचं म्हणणं साधं आहे. वाढदिवस अभिमानाचा असतो. मुलांना सतत देशाच्या पापांचा पाढा ऐकवला, तर देशाबद्दल आपुलकी कशी राहील? विरोधक म्हणतात, अर्धी माणसं वगळून सांगितलेला इतिहास हा इतिहासच नव्हे.

विल्यम्सबर्गवर हा आदेश थेट लागू होत नाही, कारण ते खासगी, ना-नफा संस्थेच्या ताब्यात आहे. पण तिच्यावर दुसरं दडपण आहे, ते पैशाचं. तिकिटं आणि देणग्यांवर संस्था चालते. २०१७ मध्ये तिच्यावर ३० कोटी डॉलरहून अधिक कर्ज असल्याचं समोर आलं होतं. पाहुणा नाराज होऊन गेला, तर त्याचा फटका सरळ तिजोरीला बसतो.

भेट द्यायची असेल तर काय पाहावं?

वॉशिंग्टनच्या परिसरात बरीच मराठी कुटुंबं राहतात. तिथून विल्यम्सबर्ग साधारण २४० किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की अशा ठिकाणी एक फेरी होतेच. रस्त्यांवर फिरायला तिकीट लागत नाही. इमारतींच्या आत जायला आणि कारागिरांची दुकानं पाहायला ते लागतं.

वेळ कमी असेल, तर पेटन रँडॉल्फ यांचं घर चुकवू नये. रँडॉल्फ हे पहिल्या कॉन्टिनेंटल काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांच्या या घरात आणि आवारात २७ गुलाम राबत होते. नोव्हेंबर १७७५ मध्ये इंग्रज गव्हर्नर डनमोर यांनी घोषणा केली की, बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील, ते स्वतंत्र होतील. या घरातली ईव्ह नावाची स्त्री आपला मुलगा जॉर्ज याला घेऊन इंग्रजांकडे पळाली. पुढे ती पुन्हा या कुटुंबाच्या हाती लागली आणि मालकिणीने तिला विकून टाकलं.

मालक राजापासून स्वातंत्र्य मागत होते आणि ईव्ह मालकांपासून. दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच वेळी घडत होत्या. एक सांगितली आणि दुसरी गाळली, तर १७७६ साल अर्धंच कळतं.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा ते गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. त्यांना अमेरिकेत कौतुक वाटलं, ते स्वतःची चूक सुधारण्यासाठी लढलेल्या माणसांचं. ती चूक झाकली, तर कौतुक कशाचं करायचं?

थोडक्यात

भिंतीवरचा फलक चार स्क्रू काढले की खाली येतो. जिवंत संग्रहालयात फलकाच्या जागी माणूस असतो आणि त्याला प्रश्न विचारता येतो. पण विचारलंच नाही, तर अनेकदा तोही बागा आणि चांदीच्या भांड्यांवरच थांबेल. म्हणून यंदा तिथे जाणाऱ्याने प्रत्येक घराच्या दारात एक साधा प्रश्न जरूर विचारावा: या घरात एकूण किती माणसं राहत होती आणि त्यातली किती स्वतःच्या मर्जीने?