अठाईचं नाव लिहिण्याआधी क्रिएटिनिन बघा



चातुर्मास आला की आमच्या बिबवेवाडीत एकच प्रश्न सुरू होतो, "भाभी, यंदा अठाई ना?" मागच्या वर्षी मी नाही म्हटलं. कारणही सांगितलं, माझा ईजीएफआर 52 आहे. उत्तर आलं, "शरीराचा एवढा मोह कशाला? तपाने सगळं बरं होतं."

माझं भांडण या उत्तराशी आहे.

मी बी.कॉम. झालेली बाई, घसारा मला कळतो. चाळिशीनंतर किडनीची गाळण्याची ताकद साधारण वर्षाला एक अंक या हिशेबाने उतरते. एका रिपोर्टने दिवाळं निघत नाही. पण आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. माझा राहिला. पहिला रिपोर्ट मी कपाटात साड्यांखाली लपवला आणि महिनाभर झोपले नाही. रोगाची सतत चिंता म्हणजे आर्तध्यान, हे आपण व्याख्यानात कितीदा ऐकतो! माझं आर्तध्यान रिपोर्ट लपवून वाढलं. वहीत तारीखवार आकडे मांडले, डॉक्टरांना दाखवले, तेव्हा ते कमी झालं.

आता उपवासाचा हिशेब करा. चौविहार उपवास म्हणजे आदल्या सूर्यास्तापासून 36 तासांहून जास्त पाण्याचा थेंब नाही. थकलेल्या किडनीला शरीरातलं पाणी नीट राखता येत नाही. त्यात रक्तदाबाची गोळी, वर गुडघ्यासाठी आपल्याच मनाने घेतलेली वेदनाशामक गोळी! तिविहारात दिवसा उकळलेलं पाणी चालतं, तरी गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांनाच विचारायला हवं.

धर्म यात आड येत नाही. पचक्खाणाच्या पाठातच आगार आहेत. समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक शास्त्रानेच ठेवली आहे. तपाचे प्रकार 12, अनशन त्यातलं फक्त एक. उणोदरी, स्वाध्याय, वैयावच्च हीसुद्धा तपच. पण त्यांचा वरघोडा निघत नाही, फोटो ग्रुपवर येत नाही, म्हणून ती आपल्याला कमी वाटतात का?

ज्यांची तब्येत साथ देते त्यांच्या तपाची मनापासून अनुमोदना. पण साठीच्या बाईला आग्रह करणाऱ्यांना मी विचारते, उद्या डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा तिच्याजवळ कोण बसणार? तुम्ही की तिची सून?

माझी मागणी साधी आहे. अठाईसाठी नावं लिहून घेताना साठीपुढच्या प्रत्येकीला विचारा, "क्रिएटिनिन कधी तपासलं? डॉक्टरांना विचारलं का?" रक्ताची एक साधी तपासणी आहे ती.

यंदा मी उणोदरी करणार आहे, आणि रोज दोघींना सामायिक शिकवणार आहे. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय. सूर्यास्ताआधी तेवढं वाटून पिते.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. मागणी मात्र मागे घेत नाही.