डूनच्या किल्ल्यातल्या करवंट्या

स्कॉटलंडमधल्या डूनच्या किल्ल्यात नारळाच्या करवंट्या आपटत फिरणारे पर्यटक हमखास दिसतात. कारण जुने आहे. ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ या विनोदी चित्रपटाची मंडळी १९७४ साली इथे चित्रीकरणाला आली, तेव्हा घोड्यांसाठी पैसे नव्हते, टापांचा आवाज करवंट्यांनी काढला गेला. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने आपल्या किल्ल्यांची परवानगी ऐन वेळी नाकारल्यामुळे तेव्हा खासगी मालकीच्या असलेल्या या एकाच वास्तूने पडद्यावर अनेक किल्ले उभे केले. पुढे ‘आउटलँडर’ मालिकेत तो कॅसल लिओख झाला आणि २०१४नंतर प्रवाशांची रीघच लागली. या रसिकांना नाके मुरडणे अन्यायाचे आहे. मालिकेच्या ओढीने आलेला माणूस चौदाव्या शतकाच्या अखेरचे ते अवाढव्य स्वयंपाकघर पाहतो, भिंतभर पसरलेल्या चुलीपुढे थबकतो, आणि हा किल्ला बांधणाऱ्या, राजा नसूनही स्कॉटलंडचा कारभार हाकणाऱ्या आल्बनीच्या ड्यूकची गोष्ट ऐकतो. तिथल्या ध्वनिफितीवरचे निवेदन माँटी पायथनच्याच चमूतल्या टेरी जोन्सचे. तो मध्ययुगाचा अभ्यासकही होता. खरी काळजी दगडांची आहे. २०२२मध्ये, आता या किल्ल्याची देखभाल करणाऱ्या ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड’ने उंचावरच्या दगडकामाच्या तपासणीसाठी अनेक वास्तू पूर्णतः वा अंशतः बंद ठेवल्या होत्या. चित्रीकरणाच्या आणि तिकिटांच्या पैशावर पहिला हक्क असायला हवा तो तिथल्या पाथरवटांचा.