विमान तपासणारा माणूस



नाशिकजवळ ओझरला १९६४ साली विमानांचा सरकारी कारखाना निघाला. आधी मिग-२१, पुढे सुखोई तेथे तयार झाली. तुमचे पोर दहावीनंतर ‘गणित नको’ म्हणत असेल, तर जरा थांबवा. विमान तपासनिसाची वाट गणितातूनच जाते.

बियाण्याच्या प्लॉटसारखेच हे. पिकवणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा. कारखान्याचे तपासनीस असतातच. शिवाय लष्करी विमानांवर संरक्षण खात्याची डीजीएक्यूए नजर ठेवते, नागरी विमानांवर डीजीसीए. तेथील अधिकाऱ्याच्या जागेला बहुधा इंजिनिअरिंगची पदवी लागते.

पण पदवीच हवी असे नाही. आयटीआयचा फिटर किंवा डिप्लोमावालाही कारखान्यात काही वर्षे हात काळे करून तपासणीकडे वळू शकतो. नकाशा वाचता यावा, मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजता यावा. भेग शोधायला भागावर लाल द्रव लावतात, पुसतात, वर पांढरी पूड मारतात. भेगेत मुरलेला रंग रेघ होऊन उमटतो. ती दिसली नाही आणि सही झाली, तर भाग विमानात बसला!

म्हणून या कामाला नजर व रंगांची पारख तपासतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात आधीच करून घ्या. काही मुले पिकला टोमॅटो चाचपून ओळखतात, घरच्यांना पत्ताच नसतो.