नागझिऱ्यात स्वतःची मोटार

गोंदियातील आमचे एक स्नेही नुकतेच सपत्नीक दीर्घ सागरप्रवास करून परतले. वाटेत त्यांची बोट एक दिवस दक्षिण आफ्रिकेत, पूर्वी ज्यास पोर्ट एलिझाबेथ म्हणत त्या बंदरात, थांबली होती. तेथे त्यांनी भाड्याची मोटार घेतली, ती स्वतः चालवीत जवळच्या अ‍ॅडो राष्ट्रीय उद्यानात गेले, मनसोक्त हत्ती पाहिले आणि दिवेलागणीच्या आत बोटीवर परतले. त्यांचा आनंद आम्हांस समजतो. त्यातून त्यांनी काढलेला सिद्धान्त मात्र समजत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पातही प्रत्येकास आपली मोटार आपण हाकीत, गाईडवाचून, हिंडू द्यावे, असा अर्ज त्यांनी तयार केला असून त्यावर प्रतिष्ठितांच्या सह्या घेणे चालू आहे. सुशिक्षित माणसामागे पहारेकरी बसविणे हा त्याचा अपमान होय, असे अर्जाचे म्हणणे.

अ‍ॅडोचाच दाखला घेतला म्हणून तोच तपासू. 1931 साली ते उद्यान स्थापन झाले तेव्हा तेथे अवघे 11 हत्ती उरले होते. भोवतालचे शेतकरी आणि हत्ती यांचे वैर त्यानंतरही संपले नाही. ते आटोक्यात आले 1954 साली, जेव्हा ग्रॅहॅम आर्मस्ट्राँग नावाच्या अधिकाऱ्याने ट्रामचे रूळ आणि लिफ्टचे पोलादी दोर जोडून हत्तीसही न मोडणारे कुंपण उभे केले. आमचे स्नेही ज्या स्वातंत्र्याची वाखाणणी करितात ते त्या कुंपणाच्या आतील स्वातंत्र्य आहे. आणि तेथेही वाटेल तेथे मोटारीतून उतरण्याची मुभा नाही, हे त्यांनी अर्जात लिहावयाचे राहून गेले.

नागझिऱ्यास कुंपण नाही. 1970 साली ते अभयारण्य झाले, 2013 च्या अखेरीस नवेगावसह व्याघ्रप्रकल्प झाला. पण चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी ही गावे जंगलाच्या कडेलाच नांदत आहेत. तेथील माणसाची गुरे, मोहफुले, तेंदूपाने आणि वाघ यांचा व्यवहार एकाच मुलखात चालतो. शिवाय हा आफ्रिकेतला उघडा माळ नव्हे. साग, ऐन, बांबू यांच्या दाटीत दहा पावलांवरचे जनावर दिसत नाही. ते कानांनी ओळखावे लागते. वानर खाकरले की सांबर ओरडले, आणि कोणत्या अंगास, हे कळण्यासाठी आधी इंजिन बंद करावे लागते. पहाटेच्या पहिल्या गाडीस कच्च्या रस्त्याच्या धुळीत रात्रीची सारी हकीकत उमटलेली सापडते: रानकुत्री कोठून कोठे गेली, अस्वल कोठे वळले, वाघीण एकटी होती की पिलांसह. ती वाचणारा गाडीत नसेल तर चाके ती पुसून टाकतात आणि मागच्या कोणासही ती मिळत नाही. हा वाचणारा माणूस म्हणजेच ज्यास आमचे स्नेही पहारेकरी म्हणतात तो गाईड. त्याने विद्यापीठाची पदवी घेतलेली नाही, एवढाच आमच्यात व त्याच्यात फरक. आणि या विषयापुरता तो फरक त्याच्या बाजूचा आहे.

ज्यांच्या पुस्तकांमुळे आमच्या घराघरांत नागझिरा आणि नवेगावबांध पोहोचले त्यांची रीत तरी काय होती? व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात मुक्काम करून पायी हिंडले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी असूनही नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्याजवळ शिकावयास बसले. त्यांस तो अपमान वाटल्याचे आमच्या वाचनात नाही.

यावर स्नेह्यांनी आम्हांस उमरेड-कऱ्हांडल्याची आठवण दिली. 31 डिसेंबर 2024 रोजी तेथे वाघीण व तिचे बछडे यांस जिप्सी गाड्यांनी दोहोंकडून कोंडले, ते प्रकरण नागपूरच्या उच्च न्यायालयाने आपण होऊन हाती घेतले, आणि त्या गाड्यांत गाईड होतेच! हा आक्षेप खरा आहे. तो आम्ही टाळीत नाही. परंतु गाड्या पुढे घालावयास कोणाच्या पैशाने भाग पाडले? वाघ दाखविला तर बक्षीस, न दाखविला तर कपाळावर आठ्या, ही शिकवण आम्ही पांढरपेशांनीच त्या माणसास दिली. आता स्टेअरिंगही आमच्याच हाती आले म्हणजे, "साहेब, येथेच थांबा" असे भीतभीत म्हणणाराही उरणार नाही.

आणि स्वतः मोटार हाकणारा सुशिक्षित मनुष्य वाघापुढे कसा वागतो, हे पाहण्यास आफ्रिकेस जावयास नको. गोंदिया-कोहमारा रस्ता याच जंगलातून जातो. तेथे गाईड नाही, फाटक नाही, प्रत्येकाचे चाक प्रत्येकाच्या हाती आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मुरदोलीजवळ रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण वाघास मोटारीची धडक बसली. तो लंगडत, घसटत झाडीत शिरला. दुसऱ्या दिवशी उपचारासाठी नागपूरकडे नेताना मेला. ती धडपड कोणीतरी चित्रित केली आणि ती देशभर पाहिली गेली. आमच्या स्नेह्यांनीही ती पाहिली होती, व हळहळले होते.

आम्ही अर्जावर सही केली नाही. कागद परत करिताना एवढेच विचारले की, मागील आठवड्यात आपण रात्री कोहमाऱ्याहून आलात तेव्हा मुरदोलीच्या जंगलात मोटारीचा वेग किती होता. त्यांनी प्रांजळपणे आकडा सांगितला. तो येथे छापलेला त्यांस आवडणार नाही.