शर्यतीचा आवाज आणि आपले लेकरू



जत्रा असो, लग्न असो, सर्कस असो. बाहेर निघायची तयारी सुरू झाली की काही घरांत एक प्रश्न ठरल्याप्रमाणे उभा राहतो. "याचं काय करायचं?" हा म्हणजे घरातले ते लेकरू, जे इतरांसारखे बोलत नाही, चालत नाही किंवा चारचौघांत शांत बसत नाही. उत्तरही ठरलेले असते. आजी मागे थांबते, नाहीतर आईच थांबते. बाकीचे नवे कपडे घालून निघतात आणि लेकरू खिडकीचे गज धरून पाहत राहते.

आजचा विषय याच खिडकीतल्या मुलांचा आहे, पण ठिकाण जरा वेगळे आहे. मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती! कोणी म्हणेल, एवढ्या गोंगाटात अशा मुलाला न्यायचे म्हणजे काय? म्हणूनच नाशिककडच्या एका घरची हकिगत सांगावीशी वाटते.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये कामाला. मुलगा अकरा वर्षांचा, स्वमग्न. बोलणे चार-सहा शब्दांचे. घरासमोर दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज. दिवसभर इंजिनाचे आवाज ऐकून या मुलाचा कान असा तयार झालेला, की गल्लीत शिरणारी गाडी दिसण्याआधीच तो ओळखतो. काकांची स्कूटर आली की दार उघडायला धावतो, दूधवाल्याची फटफटी आली की पातेले घेऊन उभा राहतो. मात्र कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून कोपऱ्यात बसतो.

शहराबाहेरच्या माळावर मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यती होत्या. नाशिक-पुण्याच्या बाजूला या शर्यतींचे वेड जुने आहे. मातीचे उंचवटे केलेले असतात आणि त्यांवरून गाड्या हवेत उडत जातात. वडिलांना वाटले, पोराला गाड्यांची एवढी आवड, त्याला दाखवावे. हेतू चांगला होता. पण नेले ते शेवटच्या दिवशी, भर दुपारी, ऐन गर्दीत, आणि मित्रांनी धरलेली जागा नेमकी लाऊडस्पीकरच्या खांबाखाली. सगळ्या गाड्या एकदम सुटल्या आणि पोराने किंकाळी फोडली. स्वतःचाच हात चावला, जमिनीवर पडून राहिला. माणसे शर्यत सोडून त्याच्याकडे पाहू लागली. मागून कोणीतरी बोलले, "असल्या पोराला आणायचं कशाला?" वडिलांनी त्याला खांद्यावर टाकले आणि घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही. आई म्हणाली, "आता याला कुठंच न्यायचं नाही." आणि खरोखरच वर्षभर त्या मुलाला कोणी लग्नालाही नेले नाही.

वर्षभर घरात बसण्याची ही शिक्षा मुलाला कोणत्या गुन्ह्याबद्दल झाली? ते पोर जिथे जाते त्या विशेष शाळेतल्या बाईंनी वडिलांना एकच प्रश्न केला. "दादा, तुम्ही प्रेसवर उभे राहता तेव्हा कानाला काय लावता?" वडील गप्प झाले. कंपनीने दिलेला इअर मफ लावल्याशिवाय ते मशिनजवळ जात नाहीत. आणि स्वतःच्या लेकराला, ज्याला कुकरची शिट्टी सोसत नाही त्याला, त्यांनी उघड्या कानांनी उभे केले होते!

बंधू-भगिनींनो, कारखान्यात काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, तरी आकडे ध्यानात ठेवावेत. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे. अमेरिकेतील नायोश ही कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था सांगते की ८५ डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. शर्यतीच्या कडेला आवाज शंभराच्या वर सहज जातो. ही मोजणी मोठ्या माणसांच्या कानांची आहे. मुलांच्या कानांना त्याहून जपायला हवे.

कापसाचा बोळा हा उपाय नव्हे. त्याने आवाज फारसा अडत नाही. कान पूर्ण झाकणारे मफ घ्यावेत, आणि लहान मुलाला लहान मापाचेच घ्यावेत. मोठ्यांचे मफ मुलाच्या डोक्यावर सैल बसतात, फटीतून आवाज आत जातो. दुसरा उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे लांब बसणे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. तिसरी गोष्ट, निवेदकाच्या लाऊडस्पीकरपासून दूर राहावे. पुष्कळदा गाड्यांपेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो.

पुढच्या वर्षी त्या घराने तयारी महिनाभर आधी सुरू केली. मफ आणले आणि रोज संध्याकाळी पाच मिनिटे मुलाला घालायला दिले. आधी त्याने काढून फेकले. मग वडिलांनी स्वतःचा मफ लावला आणि शेजारी बसले, तेव्हा त्यानेही ठेवला. मोबाइलवर शर्यतीचा आवाज लावला. आधी अगदी हळू, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडा मोठा. थोरल्या बहिणीने वहीच्या पानांवर चित्रे काढली: बस, माळ, गाड्या, कानावर मफ, परत बस, घर. ती पाने त्याला रोज दाखवली. पुढे काय होणार हे आधी कळले, की अशा मुलांची निम्मी भीती जाते. आणि त्याच्या हातात एक तांबडा रुमाल दिला. पुरे झाले की हा रुमाल बाबांच्या हातात द्यायचा. घरात टीव्ही लावून, जेवताना, खेळताना या रुमालाची सवय केली. रुमाल दिला की जे चालू असेल ते थांबायचे, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला.

यावेळी ते अंतिम शर्यतीला गेले नाहीत. सकाळच्या सरावाला गेले. सरावात गाड्या थोड्या असतात, गर्दी नसते, ऊन चढलेले नसते. बाहेर जायच्या वाटेजवळ, उतारावर, लांब जागा धरली. पोर आधी एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला बसले. दहा मिनिटांनी डोके बाहेर काढले. मग मफवर हात ठेवून उभे राहिले आणि प्रत्येक गाडीबरोबर त्याचे बोट फिरू लागले. चेहऱ्यावर असे हसू, की आईने तोंडाला पदर लावला.

चाळीस मिनिटे झाली आणि त्याने तांबडा रुमाल वडिलांच्या हातात दिला. त्याच वेळी मोठ्या गाड्या मैदानात येत होत्या. त्या पाहायची वडिलांची फार इच्छा होती. पण ते तत्काळ उठले. "दोन मिनिटं थांब" सुद्धा म्हणाले नाहीत. त्या दिवसाची खरी कमाई हीच होती. रुमालाचा शब्द पाळला गेला, म्हणून ते मूल पुढच्या वेळी विश्वासाने बाहेर पडेल. शेवटची शर्यत कोण जिंकले हे त्या घराला दुसऱ्या दिवशी कळले. घरी आल्यावर पोराने आपला मफ खुंटीला अडकवला, वडिलांच्या कंपनीच्या कपड्यांशेजारी.

प्रत्येक मुलाची गरज वेगळी असते, म्हणून आणखी काही गोष्टी.

ज्यांना फिट येतात त्यांच्या गोळीची वेळ चुकवू नये. आदल्या रात्री पुरी झोप हवी. जागरण आणि गोळी चुकणे यांनी फिट येण्याची शक्यता वाढते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे अंग अचानक आवाजाने दचकून ताठ होते. त्याच्या खुर्चीचा पट्टा बांधलेला असावा आणि जवळ एक माणूस असावा. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे सांधे कच्चे असतात. त्यांना खांद्यावर उडवू नये, मैदानाशेजारच्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नये. कानाला यंत्र लावणाऱ्या मुलाबाबत कानाच्या तज्ज्ञांना आधी विचारावे. ऐकू कमी येते म्हणून कान उघडे ठेवणे चुकीचे आहे, कारण जे थोडे ऐकू येते तेच जपायचे असते. दमेकरी मुलांना मातीच्या शर्यतीची धूळ बाधते. तोंडाला फडके आणि ओढायचे औषध जवळ हवे.

एका मुलामागे एक जाणते माणूस हवे. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. निघताना त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवावा, हरवले तर दाखवता येतो. पाणी, ओळखीचे खाणे, बदलायचे कपडे आणि एक जुनी चादर सोबत घ्यावी. मोठ्या मुलाचे कपडे बदलायची सोय मैदानात क्वचितच असते. तेव्हा चादरीचा आडोसा त्याची अब्रू राखतो. चाकाची खुर्ची असेल तर आदल्या दिवशी कोणीतरी जागा पाहून यावी. भुसभुशीत मातीत चाके रुततात. एस.टी. आणि रेल्वेत दिव्यांगांना भाड्यात सवलत असते, नियमांत बसेल तिथे सोबत्यालाही मिळते. कागदपत्रे घेऊन खिडकीवर आधी चौकशी करावी.

आणि एकट्याने जाऊ नये. चार-पाच पालकांनी मिळून आयोजकांना आठ दिवस आधी लेखी पत्र द्यावे: बाहेरच्या वाटेजवळ, स्पीकरपासून लांब जागा द्या, खुर्ची जाईल अशी वाट ठेवा, स्वच्छतागृह कुठे ते सांगा. पत्राची एक प्रत सही घेऊन जवळ ठेवावी. ही मेहेरबानीची याचना नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, नव्यात एकवीस आहेत आणि स्वमग्नताही त्यांत आहे. खेळ आणि करमणूक यांत दिव्यांगांना सहभाग मिळावा, असे हा कायदा सांगतो. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनसारख्या मोठ्या शर्यतीच्या ठिकाणी चाकाच्या खुर्चीसाठी वेगळे चौथरे असतात. तेही कोणीतरी मागितल्यावरच झाले असतील.

कोणी म्हणेल, गाड्यांच्या शर्यतीत अपंगांचे काय काम? इटलीचे ॲलेक्स झनार्डी यांचे दोन्ही पाय २००१ साली जर्मनीतील शर्यतीच्या अपघातात गेले. हाताने चालवायची गाडी घेऊन ते पुन्हा शर्यतीत उतरले आणि जिंकलेही. पुढे २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये हाताने चालवायच्या सायकलीवर त्यांनी दोन सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवले, आणि त्या सायकल शर्यती झाल्या ब्रँड्स हॅच या मोटारींच्याच मैदानावर! इंग्लंडच्या बिली मोंगरने २०१७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, दोन्ही पाय गमावले आणि २०१८ साली तो पुन्हा शर्यतीत होता. फ्रान्सच्या फ्रेडरिक सोसे यांचे आजारात हात आणि पाय दोन्ही कापावे लागले होते. त्यांनी २०१६ साली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जोडीदारांसह पुरी केली. आपल्या देशातही अंध व्यक्ती ब्रेलमधला रस्त्याचा तपशील बोटांनी वाचून डोळस चालकाला वाट सांगतात, अशा मोटार रॅली अनेक शहरांत झाल्या आहेत.

आपले लेकरू शर्यतपटू व्हावे असा याचा अर्थ नाही. त्याला जे आवडते ते पाहायला त्याने घराबाहेर पडावे, एवढेच मागणे आहे. पहिल्या खेपेला फसेल. दहा मिनिटांत परत यावे लागेल. तरी ती दहा मिनिटे त्याची आहेत. शेजारीपाजारी बघतील, एखादा बोलेलही. त्याला शांतपणे सांगावे, "हा माझा मुलगा आहे. त्याला गाड्या आवडतात."

येत्या सुट्टीत घरात पुन्हा तो प्रश्न निघेल, "याचं काय करायचं?" त्या वेळी आधी त्याचे कपडे बाहेर काढा.