पानाला गोल भोक, म्हणून फवारणी?

कॉलेजच्या बागेत गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाची कड कंपासने आखल्यासारखी गोल कापलेली दिसते. लगेच ‘कीड लागली’ म्हणत औषधाचा पंप बाहेर येतो. थांबा जरा! ती अळी नाही, पानं कापणारी मधमाशी आहे, आणि ती पान खात नाही. तुकडे नेऊन पोकळ काडीत ती पुंगळ्या करते; प्रत्येकीत पराग-मकरंदाचा गोळा, त्यावर एक अंडं. माद्यांची अंडी आत, नरांची दाराशी. म्हणजे नर आधी बाहेर! गवंडी मधमाशी हेच काम चिखलाने करते, अगदी खिडकीच्या नाहीतर प्लगच्या भोकातसुद्धा. (कुंभारीण वेगळी. ती घरट्यात किडे भरते.)

ना राणी, ना पोळं, ना मध. म्हणूनच बहुधा ‘मधमाश्या वाचवा’च्या पोस्टरवर यांना जागा नाही. खरं तर यांच्या मेगॅकिलिडी कुळात ४,००० हून अधिक जाती आहेत. पराग या पायांवर नव्हे, पोटाखालच्या केसांत कोरडाच नेतात. तो सहज सांडतो, आणि फुलांचं फावतं. तुरीवर तर यांची कायम ये-जा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने विकसित केलेल्या संकरित तुरीच्या बीजोत्पादनात मादी ओळींना स्वतःचा पराग नसतो. तो माश्यांनी आणला तरच शेंग धरते.

आणि आपण? भोकं सिमेंटने बुजवतो, वाळक्या काड्या जाळतो, वर फवारतो. मधपेटीसोबतचा सेल्फी टाकण्याआधी ‘नेचर क्लब’ने माळीकाकांशी एकदा बोलावं: काका, गुलाबाची चार पानं गेली तर जाऊ द्या.