डोहाळजेवणाच्या साडीआधी दोन सुती गाऊन

पेण, हमरापूर, जोहे परिसरातील गणपती कारखान्यांत पावसाळा म्हणजे सर्वांत धामधुमीचा काळ. तासन्‌तास बसून मूर्तींवर काम करणाऱ्यांत स्त्रियाही असतात. त्यांतली एखादी गर्भवती असेल, तर कोकणातला दमटपणा आणि परकराची घट्ट आवळलेली नाडी, दोन्ही तिला सोसावे लागतात.

गरोदरपणात शरीरातील रक्त साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. उकाडा अधिक जाणवतो, घामही जास्त येतो. घामाने ओल्या आणि नाडीने काचलेल्या त्वचेवर पुरळ, खाज, बुरशीचा संसर्ग सहज होतो. म्हणून सैल, सुती कपडा ही चैन नव्हे, गरज आहे.

त्यासाठी महागडी 'मॅटर्निटी' खरेदी लागत नाही. नाडीऐवजी रुंद, मऊ पट्टी लावून ती पोटाखाली सैल बांधावी. जुन्या कुर्त्याच्या बाजू उसवून कापडाच्या पट्ट्या जोडता येतात. आतले कपडे सुती आणि पूर्ण वाळलेले असावेत. पावसात ते दमट राहिले तर इस्त्री फिरवावी. खर्च करायचाच तर योग्य मापाची ब्रेसियर आणि न घसरणाऱ्या सपाट चपला यांवर करावा, कारण पोट वाढले की तोल बदलतो.

डोहाळजेवणाला हिरवी साडी हौसेने घ्यावीच. पण ती एक दिवस नेसली जाते. तिच्या किमतीतून रोजच्या दोन सुती गाऊनचे पैसे आधी बाजूला काढावेत. खरे डोहाळे पुरवणे ते हेच.